गव्हाळ वर्णाची बाटली

लग्नाच्या बाजारात आपल्याकडे कातडीच्या रंगासाठी गोरा, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा असे अर्धा डझन शब्द आहेत, आणि खऱ्या रंगापेक्षा एक पायरी वरचा शब्द सांगायचा, हा त्यातला अलिखित नियमही सर्वांना पाठ असतो. छोट्या प्रतिकृतींसाठी रंग बनवणाऱ्यांनी हा सगळा घोळ एका बाटलीत आणि एका शब्दात मिटवलेला दिसतो : 'फ्लेश'. मी ती बाटली भाबडेपणाने विकत घेतली आणि तिथून माझे ग्रह फिरले.

सोलापूरला सिद्धेश्वरांची जी यात्रा भरते, त्या गड्ड्याच्या यात्रेचा छोटा देखावा करावा, असे मी योजले होते. सिद्धेश्वरांच्या मानाच्या सात नंदीध्वजांपैकी, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांपैकी, निदान एक आणि तो पेलणारे, बाराबंदी हा बंदांचा पांढरा अंगरखा घातलेले पाच-सहा भक्त, एवढाच माझा आवाका होता. १:३५ या प्रमाणात गड्ड्याचे भक्त कोणी विकत नसल्यामुळे मी दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैनिक आणले, त्यांच्या हातातल्या बंदुका कापून काढल्या आणि अंगावर एम-सीलची बाराबंदी चढवली. या प्रमाणात उभा माणूस पाच सेंटीमीटर भरत नाही, आणि त्याचा चेहरा हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम सहा मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा असतो. त्या तुरीच्या दाण्यांवर मी 'फ्लेश' लावला. वाळल्यावर पाहतो तर नंदीध्वज पेलायला थेट स्वीडनहून मंडळी आलेली!

अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या 'फ्लेश' खडूचे नाव १९६२ सालीच बदलून 'पीच' केले होते. माझ्या बाटलीपर्यंत ती बातमी पोहोचलेली नव्हती.

मग रंग स्वतःच मिसळणे आले. त्यासाठी बर्न्ट सिएना, यलो ऑकर, बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट एवढे पुरतात. नावे परदेशी असली तरी सोलापूरच्या माणसाला हे रंग ताटातच भेटतात : सिएना म्हणजे तेल सुटलेली शेंगाचटणी, ऑकर म्हणजे पिठल्याची खरपुडी आणि अंबर म्हणजे काळा मसाला. आधी गडद तांबूस थर द्यायचा, तो वाळला की नाक, कपाळ आणि गालांची हाडे एकेक छटा उजळत न्यायची, आणि शेवटी पाण्यासारखा पातळ तपकिरी 'वॉश' सोडून तो डोळ्यांच्या खोबणीत नि ओठांच्या रेषेत आपोआप उतरू द्यायचा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात उजाळा देताना पांढरा जरा जास्त पडला की भक्त दिवसभर पिठाच्या गिरणीत बसून आल्यासारखा दिसतो, आणि सावलीसाठी काळा वापरला की त्याने यात्रेआधी आंघोळ केलेली नाही, हे लांबूनही कळते.

हे सारे मी मे महिन्यात करीत होतो. पारा बेचाळिसावर असताना अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरून नाकापर्यंत पोहोचेतो वाळून जातो, आणि कूलर सुरू केला तर वाऱ्याने आणखी लवकर वाळतो. यावर उपाय म्हणून पेढ्याच्या डब्यात भिजलेला स्पंज, स्पंजावर बटर पेपर आणि त्यावर रंगाचे थेंब अशी व्यवस्था केली. ती उत्तम चालली. फक्त नळाला पाणी नसलेल्या दिवशी सौभाग्यवतींनी तो डबा उघडून पाहिला. "अहो, घरात माणसांना पाणी नाही, आणि तुमचे रंग पोहायला बसलेत!"

शेजारच्या आजोबांचा जन्म सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेला. माझे मिश्रण पाहून मी खूश होतोय तोच ते म्हणाले, "मालक, ओल्या रंगावर कधी बोली लावू नका." त्यांचे शब्द तासाभरात खरे ठरले. अ‍ॅक्रिलिकमधला चिकट द्रव ओला असताना दुधी असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे रंग एक छटा गडद उतरतो. संध्याकाळी माझा निमगोरा भक्त सावळा झालेला होता.

तेव्हा मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. डाव्या मनगटाच्या मागे सात वेगवेगळ्या मिश्रणांचे सात पट्टे ओढले आणि ते वाळू दिले. मध्येच दूध आणायला गेलो, तर डेअरीवर तिघांनी "काय भाजलं?" असे विचारले आणि एकाने कोरफड सुचवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन पट्टे मोजले, तर सहाच भरले. सातवा पट्टा माझ्या कातडीशी इतका तंतोतंत जुळला होता की तो कुठे आहे हेच दिसेना. हवा होता तो रंग अखेर साधला होता. पण त्यात कशाचे किती थेंब होते, ते मी कुठेही लिहून ठेवले नव्हते.

पुढच्या खेपेपासून मी प्रत्येक मिश्रण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, हाताला येईल त्या चौकटीत टिपू लागलो : 'सिएना ३, ऑकर २, पांढरा अर्धा'. पंधरा दिवसांत पाचही भक्त सोलापूरचे दिसू लागले. महिनाअखेरीस मात्र सौभाग्यवतींनी त्याच दिनदर्शिकेवरून दुधाचा हिशेब केला, आणि ते सगळे 'पांढरे अर्धे' मिळून निघालेले साडेचार लिटर दूधवाला अजूनही मान्य करायला तयार नाही.