जुनं जहाज वाचवायचंय? आधी ते बुडू द्या

तुमच्या घरासमोरच्या नदीत एखादं जुनं शिडाचं जहाज असेल आणि ते वाचावं असं तुम्हाला अगदी आतून वाटत असेल, तर कृपा करून घाई करू नका. आधी ते बुडू द्या. तरंगत्या जहाजाचं कोणाला काय पडलेलं असतं? येता-जाता दिसतं, डोळ्यांना सवय होते, डोलकाठीवर पक्षी बसतात, विषय संपतो. एकदा का ते तळाला गेलं की गावात ज्याला त्याला त्याचा पुळका येतो. ज्यांनी जन्मात त्यावर पाय ठेवला नाही तेही 'आमच्या लहानपणी' म्हणून सुरुवात करतात.

हे मी पदरचं सांगत नाही. 'सिटी ऑफ अॅडलेड' नावाच्या जहाजाने हा मार्ग घालून दिलेला आहे. १८६४ साली इंग्लंडात संडरलँडला, वेअर नदीच्या काठी ते बांधलं. लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या. नुसतं लोखंडाचं केलं तर तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, वेग मरतो. तांब्या-पितळेचा पत्रा ठोकला तर शेवाळ धरत नाही, पण खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला खाऊन टाकतं. म्हणून दोघांच्या मध्ये लाकूड. सासू-सुनेच्या मध्ये मुलगा असतो तसं, झिजायचं त्याने. असं हे जहाज लंडनहून दक्षिण ऑस्ट्रेलियात माणसं न्यायचं आणि येताना लोकर आणि तांबं आणायचं. १८६४ ते १८८७, अशा २३ फेऱ्या. लंडनमधल्या ग्रिनिचचं जगप्रसिद्ध जहाज 'कटी सार्क' याच्याहून पाच वर्षांनी धाकटं. पण संसार थोरल्याने ओढायचा आणि फोटो धाकट्याचा लावायचा, ही रीत जहाजांतही दिसते.

आता दुसरी सूचना. जहाज निवृत्त झालं की त्याला मोकळं बसू देऊ नका, पडेल त्या कामाला लावा. या जहाजाने आधी कोळसा वाहिला, मग लाकूड. १८९३ साली साउदॅम्प्टनच्या पालिकेने ते विकत घेऊन साथीच्या रोग्यांसाठी तरंगतं इस्पितळ केलं. १९२३ साली नौदलाने नेलं, नाव बदलून 'कॅरिक' ठेवलं आणि त्यावर शिकाऊ पोरांची कवायत सुरू केली. १९४८ नंतर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत क्लाइड नदीवर माजी नौसैनिकांचा क्लब झालं. म्हणजे सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं तर म्हाताऱ्याच्या गळ्यात जे जे मारता येतं ते सगळं मारून झालं. १९८९ साली पाणी शिरून त्याची दैना झाली आणि १९९१ साली, बहुधा कंटाळून, बुडालं.

झालं काम! आता वाचवता येईल.

मात्र वाचवण्याआधी त्याची वारसा म्हणून सरकारी नोंद झालेली असली पाहिजे, तीही सर्वांत वरच्या श्रेणीत. स्कॉटलंडच्या दप्तरात हे जहाज 'अ' श्रेणीची इमारत होतं. होय, इमारत. तुम्ही हसाल, पण यातली सोय बघा. इमारत म्हटल्यावर परवानगीशिवाय खिळा काढता येत नाही, आणि दुरुस्तीला पैसे देईन असं त्या नोंदीत कुठेही लिहिलेलं नसतं. एका संग्रहालयाने ते पाण्यातून काढून स्कॉटलंडमधल्याच अर्विनला नेलं आणि उतरत्या धक्क्यावर ओढून ठेवलं. मग पैसे संपले. धक्का दुसऱ्याच्या मालकीचा, त्याला जागा मोकळी हवी. जोडायला पैसा नाही, तोडायला परवानगी नाही. वारसा जपणं याचा अर्थ कोणाला नीट समजत नसेल तर हे चित्र डोळ्यांसमोर आणावं: सालं निघालेलं जहाज कोरड्यावर उभं, आणि शेजारच्या खोलीत त्याची फाइल, दिवसेंदिवस जाड होत चाललेली.

अशा वेळी दोन गावं भांडायला लावावीत. संडरलँड म्हणालं, जन्म आमच्याकडचा. अॅडलेड म्हणालं, नाव आमचं. संडरलँडच्या एका भल्या गृहस्थाने तर चक्क जहाजात मुक्काम ठोकला. शेवटी २०१० साली स्कॉटलंडच्या सरकारने कौल अॅडलेडला दिला. त्या लोकांनी शंभर टनांचा पोलादी पाळणा आपल्याकडे तयार केला, सुटा करून स्कॉटलंडला पाठवला, तिथे जोडून जहाजाखाली सरकवला आणि सगळं धूड एका मालवाहू जहाजाच्या पाठीवर चढवलं. त्या मालवाहू जहाजाचं नाव 'पालनपूर'. हे वाचलं तेव्हा मला परगावच्या स्टॅंडवर ओळखीची एसटी दिसावी तसं वाटलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये १५० वर्षांची म्हातारी पाळण्यात बसून पोर्ट अॅडलेडला पोचली. त्याच वर्षी आपल्याकडे जुनी विमानवाहू 'विक्रांत' मुंबईच्या दारूखान्यात तोडायला नेली. संग्रहालय करायला पैसे नव्हते, भंगाराचे मात्र ६० कोटी आले, आणि पुढे तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या. तेव्हा अॅडलेडवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण जरा दम खाल्लेला बरा.

पण मुख्य सल्ला पुढेच आहे आणि तो परिसराविषयी आहे. जहाज एकटं कधी वाचवू नये. त्याच्या आजूबाजूला ज्यांना जहाजातलं काही कळतं अशी माणसं आधी हलवावीत.

पोर्ट अॅडलेड म्हणजे गोदामं, गोदी कामगारांच्या खानावळी, दगडी पब आणि मध्ये भरती-ओहोटीची पोर्ट नदी. तीत डॉल्फिन राहतात, अगदी शहराच्या पोटात. पहिले वसाहतवाले उतरले तेव्हा नुसता चिखल आणि कांदळवन. कंटाळून त्यांनी नाव पाडलं 'पोर्ट मिझरी', म्हणजे दैन्यबंदर. हे नाव आता कोणी घेत नाही, कारण दैन्याला नदीदर्शनी फ्लॅटचा भाव येत नाही. पलीकडच्या काठाला जेंकिन्स स्ट्रीटवर बोटी दुरुस्त करणारी जुनी यार्डं होती. हात काळे झालेली माणसं, लाकडाचा भुसा, डांबराचा वास. नव्या वसाहतीच्या आराखड्यात ही काही बसेनात. लोकांनी विरोध केला, तरी यार्डं पाडली. नंतर तो प्रकल्पही सरकारने अर्ध्यावर गुंडाळला. असं सगळं साफ झाल्यावर मग जहाज आणलं. क्रम लक्षात घ्या: आधी सुतार घालवायचा, मग लाकडी जहाज आणायचं. उलट केलंत तर दुरुस्ती भलतीच लवकर उरकेल. लोअर परळला मॉलच्या अंगणात गिरणीची चिमणी जपलेली तुम्ही पाहिली असेल. चिमणी ठेवायची, धूर करणारे घालवायचे. तत्त्व तेच, इथे फक्त पाणी जास्त आहे.

तुम्ही काठावर फ्लॅट घेतलाच असेल, तर तुमचीही काही कर्तव्यं आहेत. फ्लॅट घेताना खिडकीतून डोलकाठी दिसते का हे विचारा. जहाज आणलं तेव्हा त्याला डोलकाठी नव्हती असं कोणी म्हणालं तर 'येईल की' म्हणा. राहायला आल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी आठला ठोकाठोक ऐकू आली की लगेच तक्रार करा. वारसा हवाच, पण साडेदहानंतर आणि आवाज न करता. फळ्यांच्या फटींत सुतळीचा चोथा लाकडी हातोड्याने ठोकून वर डांबर ओततात, त्या डांबराच्या वासाने तुमच्या बाल्कनीतली तुळस कोमेजते हेही लिहा. जहाज आणल्यावर बार्जवरच, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीवरच, ठेवलं होतं याबद्दलही आश्चर्य व्यक्त करा. जागा ठरत नव्हती तोवर ते वर्षानुवर्षं असं बार्जच्या मांडीवर बसून राहिलं, आणि जागा ठरत नव्हती कारण जागेला भाव आला होता, आणि भाव आला होता तो काठावर जुनं जहाज आहे म्हणूनही. हे कोडं सोडवायच्या भानगडीत पडू नका, फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल.

फार पैसे जमलेच, तर 'कटी सार्क'चा कित्ता गिरवा. तिथे दुरुस्ती चालू असताना २००७ साली आग लागली. चौकशीअंती सगळ्यांत संभाव्य कारण निघालं ते शनिवार-रविवार चालू राहिलेला साफसफाईचा व्हॅक्यूम. नशीब असं की जहाजाचे निम्मे भाग दुरुस्तीला बाहेर काढलेले होते, म्हणून वाचले. पुढे जहाज उचलून खाली काचेचं छत घातलं, २०१२ साली राणीच्या हस्ते उघडलं, आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सगळ्यांत कुरूप बांधकामाला देतात ते बक्षीसही त्याला मिळालं. दोन्ही समारंभ एका वर्षात उरकणं सोपं नाही.

मी हे एवढं अधिकाराने सांगतोय कारण गेल्या खेपेला लेकीकडे गेलो होतो तेव्हा 'सिटी ऑफ अॅडलेड' आतून पाहून आलोय. पोटात अंधार, गार हवा, जुन्या कपाटात येतो तसा वास. लोखंडी फासळ्या रांगेने वर जाऊन मिळतात. एका फासळीशी सत्तरीचा एक गृहस्थ गुडघ्याखाली गोणपाट घेऊन बसला होता. हातात खरवडणी. गंज पापुद्र्यापापुद्र्याने निघत होता, फरसाणातल्या पापडीसारखा, आणि तो एक-एक पापुद्रा बादलीत टाकत होता. बादली अर्धी भरलेली. आठवड्यातून दोन दिवस येतो म्हणाला, निवृत्त झाल्यापासून. पगार विचारला तर हसला. किती फासळ्या झाल्या विचारलं तर त्याने बोटांवर मोजून दाखवल्या आणि उरलेल्यांकडे नुसती मान वळवली.

मी म्हटलं, फार मोठं काम करताय तुम्ही, तुमच्यासारख्यांमुळेच इतिहास टिकतो. त्याने बाजूच्या डब्यातून दुसरी खरवडणी काढून माझ्यापुढे धरली.

तेवढ्यात वरून जावयाने हाक मारली, "बाबा, येताय ना? दोन तासांचंच पार्किंग आहे." मी लगेच निघालो. जिना चढताना मागून खरखर पुन्हा सुरू झाली. वर आल्यावर जावयाने जहाजासमोर माझा छान फोटो काढला.