पाहुणा, कुदळ आणि अण्णा

स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भाषा; तिच्या जागतिक दिनाच्या निमित्ताने, म्हणजे ७ जुलैला, अण्णांनी आपल्या गटावर टाकलेली म्हणींची यादी बाकी कोणीच वाचली नव्हती. शमाने मात्र ती वाचली, आणि त्यामुळे शनिवारी कट्ट्यावर अण्णांची गाठ नेमकी जिच्याशी पडायला नको होती तिच्याशी पडली. शमाचे आजोळ केनियातल्या मोंबासाचे. रत्नागिरीकडची जी कोकणी मुसलमान कुटुंबे तिकडे जाऊन स्थिरावली त्यांतले ते एक, आणि तिची नानी भांडायची ती स्वाहिलीतच.

अण्णांनी निवृत्त प्राध्यापकाला शोभतील असे विराम घेत ‘हराका हराका हाइना बराका’ हे वाचून दाखवले, घाईत बरकत नसते हे सत्य हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांना सारखेच उमगले असल्याचे सांगितले, आणि लोकशहाणपण हे असे कालातीत असते, असा निर्वाळा देऊन चहा मागवला.

“अण्णा, त्याच किनाऱ्यावर ‘न्गोजा न्गोजा हुउमिझा मातुम्बो’ असेही म्हणतात,” शमा म्हणाली. “थांबा थांबा करत राहिले की पोटात दुखते. आता या दोहोंतले कालातीत कोणते? नानी पहिली म्हण आम्हा मुलांना ऐकवायची आणि दुसरी दुकानदाराला.”

अण्णा हार मानणारे नव्हते. परस्परविरोधातूनच समाजाचा समग्र अनुभव व्यक्त होतो, असे काहीसे बोलून त्यांनी ‘म्वाचा मिला नी म्तुम्वा’ ही म्हण काढली. आपली परंपरा सोडतो तो गुलाम, हे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला होता, आणि रोख नव्या पिढीकडे, म्हणजे विनूच्या अर्ध्या चड्डीकडे होता. (विनू पंचावन्न वर्षांचा आहे.)

“ज्या किनाऱ्यावर झांझिबारचा बाजार १८७३ पर्यंत उघडपणे माणसे विकत होता,” शमा शांतपणे म्हणाली, “तिथे गुलाम हा शब्द असा शिवीसारखा फेकणे मालकाच्या ओट्यावर बसूनच जमते. ज्याची परंपरा गावासकट हिरावून घेतली होती, त्याने ती सोडली होती का?”

अण्णांनी चहा जास्त गोड झाल्याची तक्रार केली.

मला शमाचे पटते ते तिने पुढे कांग्याविषयी जे सांगितले त्यामुळे. कांगा हे तिकडच्या बायकांचे जोडीने विकले जाणारे सुती वस्त्र. चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी, आणि खालच्या काठाच्या वर एका ओळीत छापलेली म्हण किंवा टोमणा, ज्याला त्या कापडाचे नाव म्हणतात. हे वाक्य छापण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी मोंबासाचे व्यापारी कादरदिना हाजी एसाक, म्हणजे सर्वांचे ‘अब्दुल्ला’, यांनी रूढ केली असे मानले जाते; आधी ती अक्षरे अरबी लिपीत असत, पुढे रोमन आली. शेजारणीशी बोलणे बंद असेल तर योग्य त्या वाक्याचा कांगा नेसून तिच्या दारावरून दोनदा जायचे, आणि तिने जाब विचारलाच तर ‘मला रंग आवडला’ एवढेच सांगायचे. नानीला दुकानात कापड निवडायला जो वेळ लागे, तो रंगासाठी खचितच नसे.

“पण म्हणींवर राष्ट्रही उभे राहते,” अण्णांनी अखेरचे अस्त्र काढले. “टांझानियाचे राष्ट्रपिता न्येरेरे यांनी १९६२ मध्ये उजामाची, म्हणजे आपल्या आफ्रिकी समाजवादाची, मांडणी करताना ही म्हण सांगितली की पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या.”

“आणि पाहुणा बहुधा ती आधी स्वतःच मागून घेई, असेही ते म्हणाले होते. १९७३ नंतर त्याच उजामाच्या नावाखाली लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या गावांत हलवले, तेव्हा कुदळ कोणी मागितली होती?”

यावर अण्णा काही बोलणार, तोच आतापर्यंत गप्प असलेला विनू ताठ बसला. इमारतीचा पुनर्विकास रखडल्यामुळे अण्णांनी एक अख्खा पावसाळा विनूकडे काढला होता, ही गोष्ट विनू दर दिवाळीला विसरतो आणि दर पावसाळ्यात त्याला आठवते. “तिसरा दिवस?” तो म्हणाला. “अण्णा, तुमच्या हाती मी साधी भाजी निवडायलाही दिली नव्हती.”

अण्णांनी यादीवर झरझर नजर फिरवली आणि विजयी मुद्रेने वाचले, “‘म्गेनी न्जो, म्वेन्येजी अपोने.’ पाहुण्या ये, म्हणजे यजमान बरा होईल!”

“मी आजारीच नव्हतो! तुम्ही गेल्यावर पडलो, विजेचे बिल बघून.”

शमा हसता हसता बाकड्यावरून घसरली. तिथून पुढे वांग्याची भाजी, पहाटे पाच वाजता लागणारा रेडिओ आणि परत न केलेली छत्री असे एकेक बाहेर निघत गेले. चहावाल्याने बाकडी उचलायला घेतली तरी ते चालूच होते, आणि न्येरेरेंचे नाव काही कोणी पुन्हा काढले नाही.