आईची विकलेली पेन्शन
माझी आई बेळगाव तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत ३४ वर्षे शिकवून निवृत्त झाली आणि पंधरा दिवसांच्या आत तिचाच एक जुना विद्यार्थी कुंद्याचा डबा घेऊन दारात हजर झाला. ‘बाई, तुमच्या पैशाची मला काळजी वाटते,’ असे म्हणत तो तिच्या पाया पडला. त्याला तिने आले घातलेला चहा स्वतः करून दिला, हे आठवले की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकाला जाते.

या गृहस्थाचा पहिला सल्ला पेन्शन विकण्याचा होता. कर्नाटकात सरकारी कर्मचाऱ्याला एक तृतीयांशापर्यंत पेन्शन विकता येते. रक्कम एकदम हाती पडते, पण दरमहाची पेन्शन तेवढी घटते आणि ती पूर्ववत व्हायला १५ वर्षे जावी लागतात. म्हणजे साठीत निवृत्त झालेल्या आईला पूर्ण पेन्शन पंचाहत्तरीत मिळणार, आणि नेमके एवढेच सांगायचे त्याने टाळले. ग्रॅच्युइटी धरून १८ लाख रुपये जमले. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असते, तर दर तिमाहीला ३६,९०० रुपये आले असते. पण ‘बाई, पोस्टात पैसा कुजतो’ हे त्याचे वाक्य, आणि खिशात दुबईच्या चलनबाजाराचे ॲप, महिन्याला चार टक्के देणारे!

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१३च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराने नोंदणी करायची असते, ग्राहकाचे वय, उत्पन्न आणि नुकसान सोसण्याची ऐपत तपासायची असते आणि मगच तोंड उघडायचे असते. याने आईला विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे चेकबुक कुठे आहे. (त्याचा नोंदणी क्रमांक मी मागायला हवा होता. मी त्या दिवशी शेजारच्याच खोलीत मोबाइल बघत पडलो होतो, हेही लिहून ठेवतो.)

परदेशी फॉरेक्सचे, म्हणजे चलनाच्या सौद्यांचे, मार्जिन (सौद्यासाठी आधी भरायची रक्कम) भरायला भारतातून पैसे पाठवण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगीच नाही, आणि अनधिकृत फॉरेक्स ॲपांची यादी ती २०२२पासून प्रसिद्ध करते आहे. आमच्या पैशाने तर देशही सोडला नाही, तो कोल्हापुरातल्या एका ट्रेडिंग फर्मच्या चालू खात्यात गेला. आमची दुबई राज्याच्या सीमेजवळचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की लगेच लागते! चार महिने व्याज आले, मग बंद झाले. ॲपवर आजही हिरव्या आकड्यांत २३ लाख दिसतात. काढायला गेले की ‘आधी दहा टक्के कर भरा’ असा निरोप येतो.

आता सीमेवर राहण्याचे सुख ऐका. इकडच्या ठाण्यात सांगतात, खाते कोल्हापूरचे, तिकडे जा. तिकडे सांगतात, चेक बेळगावात दिला, इकडे या. ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९९९चा आणि कर्नाटकात २००४चा, म्हणजे कायदे दोन आहेत आणि आमची तक्रार एकातही बसेना. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, झिरो एफआयआर नोंदवून घ्यावा लागतो, हे जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये स्पष्ट लिहिले आहे. ते मी दोन्हीकडे तोंडी सांगून पाहिले. सोमवारी त्या कलमाची छापील प्रत घेऊन तिसऱ्यांदा जाणार आहे, आणि नोंद झाल्याशिवाय बाकावरून उठणार नाही.