जुन्या गाडीचं बोनेट घरी उघडायला काय हरकत आहे?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, माझ्याकडेच तीन ग्रुपवर येऊन गेला. म्हणणं असं की १० वर्षांवरच्या गाडीला घरी हात लावू नका, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, सकाळी सेल्फ लागला नाही की बॅटरी गेली समजा, गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका, जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, आणि घरी काम करणं जीवावर बेतू शकतं. यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, त्यावर येतोच, पण बाकीच्या मुद्द्यांपायी लोकांचे पैसे उगाच जातात म्हणून लिहायला बसलो.

कॉम्प्युटरचं आधी. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० च्या इंजिनाला कॉम्प्युटर नव्हताच. नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना आहे, तरी ढिला टर्मिनल, चिरलेला रेडिएटर पाइप, घासलेला फॅन बेल्ट, उडालेला हॉर्नचा फ्यूज यातलं काहीही गॅरेजमधला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) थेट दाखवत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आता बॅटरी, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आमची गाडी २००४ ची, गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक, गॅरेजमधून फोनवरच सांगितलं की बॅटरी बदला. मी आधी मीटर लावला (साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, घरात असावाच). रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ती भरलेली असते, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आमची १२.५ होती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवली, दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि बायकोला म्हटलं गाडी न्यूट्रलला ठेव आणि सेल्फ मार. दोघांचा संपर्क नीट असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ हवा, आमच्याकडे जवळजवळ ३ व्होल्ट आला. म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचायच्या आधी तिथेच, त्या एका सांध्यात अडकत होता! क्लॅम्प काढला तर आत पांढरट-हिरवट खार जमलेला, खुंट काळा पडलेला. १० नंबरचा पाना, गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, वरून थोडं व्हॅसलिन, अर्धा तास लागला आणि त्याच बॅटरीवर गाडी आजही चालू आहे. फक्त हातमोजे घाला, सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, आणि काढताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला की मोठी ठिणगी पडते.

अजून एक, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तिथे १२ च्याच घरात आकडा राहिला तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) बॅटरी चार्ज करत नाहीये, अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार. बॅटरी खरंच जाते, नाही असं नाही, पण आधी मोजा आणि मग दुकानात जा.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकतो. तो वॉल्व्ह इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. काढून टाकला की इंजिन, विशेषतः हायवेला, थंडच राहतं, इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरला वाटतं अजून तापलेलं नाही म्हणून पेट्रोल जास्त सोडलं जातं, अॅव्हरेज पडतं. आणि गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. बरेचदा ते साधं असतं, पंख्याचा फ्यूज, रिले (पंखा चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा ढिलं कनेक्टर, नाहीतर रेडिएटरच्या झाकणाचा कडक झालेला रबर. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतून आत क्षार धरलेला असतो ते वेगळंच, म्हणून कुलंटच वापरा. थर्मोस्टॅटवरच संशय असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने टांगा आणि गॅसवर ठेवा, त्याच्यावर ८२ वगैरे तापमान कोरलेलं असतं, पाणी तिथे पोचलं की तो डोळ्यांदेखत उघडायला लागतो. नाही उघडला तर नवा टाका, जागा रिकामी ठेवू नका. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका.

पार्टचं म्हणाल तर ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं, प्लग, फिल्टर, बेल्ट गावातल्या दुकानातसुद्धा मिळतात.

राहिला धोका, तो खरा आहे. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीच जाऊ नका, उचललेल्या गाडीखाली टेकू म्हणून लावायचे स्टँड नसतील तर ते काम घरी नाहीच. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारू नका, मेकॅनिकला बोलवा. ब्रेक ऑइलची लेव्हल घरी बघा, पण ती सारखी उतरत असेल तर बाटली आणून भरत बसू नका, गळती कुठेतरी आहे, आणि ती गाडी गॅरेजलाही चालवत नेऊ नका, टो करून न्या.