पाल्याचं नाव काय?

सोमवारी माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकातली हवा गेली. आपणहून नाही गेली, काढण्यात आली. चाळीस रुपयांत चाक पूर्ववत झालं. माझं मात्र आज गुरुवार उजाडला तरी व्हायचंय.

कुठल्या आवारात घडलं ते सांगणार नाही. माझा प्रबंध अजून जमा व्हायचा आहे.

मी त्रेचाळीस वर्षांची, शाळेत मराठी शिकवते आणि अर्धवेळ पीएच.डी. करते. म्हणजे फीची पावती, ओळखपत्र आणि ग्रंथालयाचा दंड या तिन्ही दृष्टींनी मी विद्यार्थिनी आहे. आमच्या आवारात स्टाफच्या गाड्यांसाठी ग्रंथालयाला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे एक कार दिवाळीपासून कव्हर घालून झोपली आहे. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहामागचं मैदान. तिथे झाड नाही, फक्त 'झाडे लावा' अशी पाटी आहे. मागच्या एप्रिलात मी नियमानं त्या मैदानात गाडी लावली, तर डिकीत विसरलेली लिपस्टिक वितळून माझ्या तिसऱ्या प्रकरणाला लागली. गाइडना वाटलं, आधीच कोणीतरी लाल शाईनं तपासलंय. त्यांनी तसंच परत दिलं.

तेव्हापासून मी शेड आणि भिंत यांच्यामधल्या कडुनिंबाखाली गाडी लावते. वर्षभर कोणी हूं का चूं केलं नाही.

सोमवारी दुपारी दोनला बाहेर आले तर गाडी मागून बसलेली. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक नवे गार्ड, मांडीवर प्लास्टिकची पन्नी, पन्नीत खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आणि तो घोटणं चालू. नागपुरात माणूस खर्रा घोटत असला की त्याच्याशी भांडता येत नाही. तो तुमच्याकडे बघतच नाही.

"हवा कोणी काढली हो?"

"मीनं." एवढा प्रामाणिक कबुलीजबाब ऐकायची सवय नसल्यानं मीच गडबडले.

"का पण?"

"व्हिजिटरची गाडी इथं नाई लावाची, मॅडम. व्हिजिटर गेटच्या भायेर."

"मी व्हिजिटर नाही."

त्यांनी पन्नीतल्या अंगठ्यानंच नंबर प्लेटकडे खूण केली. "एमएच चाळीस. चाळीस म्हंजे ग्रामीण. शहरातली एकतीस नाई तं एकोनपन्नास रायते."

गाडी कामठीची, माहेरच्या पत्त्यावर घेतलेली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आरटीओच्या लेखी मी अजून माहेरीच आहे. हे सगळं त्यांना सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. उन्हात माणूस नको तेवढं बोलतो.

"असं हाये का," ते म्हणाले, आणि खुर्चीखालून रजिस्टर काढलं. "मंग नोंद करून घेऊ, ताई. पाल्याचं नाव काय?"

"पाल्य नाही. मीच शिकते इथे." ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो. फोटोनंतर केस बरेच पांढरे झालेत. त्याला तिसरं प्रकरण जबाबदार आहे.

"काऊन मजाक करून रायले मावशी," ते म्हणाले. सात मिनिटांत मॅडमची ताई आणि ताईची मावशी! आणखी दहा मिनिटं थांबले असते तर आजी होऊनच घरी गेले असते.

शेवटी पाल्याच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. पालकाच्या रकान्यातही माझंच लिहिलं. पुढचा रकाना 'नाते'. तिथे पेन थांबलं.

"नातं काय लिहू?"

"स्वतः लिहा."

"असं नाई लिहता येत. आई लिहतो." आणि लिहिलं.

मी स्वतःची आई झाले ते ठीक. पण गाडीत हवा नव्हतीच. पंप मागितला तर पंप नाही. व्हॉल्व्हही काढलेला. "तो तरी द्या माझा," म्हटलं. त्यांनी खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत सहा-सात व्हॉल्व्ह. सकाळपासूनची कमाई.

"घ्या वळखून. यातला तुमचा कोन्ता?"

व्हॉल्व्ह ओळखायचा कसा? सगळे एकाच तोंडवळ्याचे. मी दोन-तीन उलटेपालटे करून पाहिले, खरंच पाहिले! 'हा नसावा' असंही एकदा म्हणाले. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह नेऊन अजून कोणाचा शाप घ्या, म्हणून तसेच ठेवले आणि गाडी ढकलत गेटबाहेरच्या पंक्चरवाल्याकडे निघाले. नवीन व्हॉल्व्हचे तीस, हवेचे दहा. त्यानं कारण विचारलं नाही. त्याच्याकडे व्हॉल्व्हची आख्खी बरणी भरलेली होती. मला काहीबाही शंका आल्या. पण प्रबंध जमा व्हायचा आहे.

घरी हे सांगितलं तर मुलगा म्हणाला, "मेट्रोनं जा ना." त्याला ती आमच्याहून जवळची. तो सहावीत होता, २०१९ साली, तेव्हा पहिली गाडी सुरू झाली. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो असे तीन मजले आहेत. ३.१४ किलोमीटरचा तो दुमजली पूल गिनीज बुकातही गेला. माणसाची गाडी वरून धावायची सोय तीन मजली, आणि उभी करायची म्हटलं तर एका कडुनिंबावरून भांडण. मी वैष्णोदेवी चौकातून बसते. एसीत बसून शहर ओलांडायचं, खाली तापलेल्या रस्त्यावरच्या दुचाकीवाल्यांकडे दयेनं बघायचं, छान वाटतं. ते स्टेशनात उतरेपर्यंत. तिथून विभाग दोन किलोमीटर. ऑटोवाला म्हणतो ऐंशी रुपये, बस येते तेव्हा मी वाचनालयात पोचलेली असते. मेट्रोत सायकल नेता येते हे खरं, पण साडी नेसून सायकलसकट लिफ्टमध्ये शिरायचं तर माझी नणंद त्याच चौकात राहते.

आणि राग कसला येतो सांगू? मला ऐंशी रुपये परवडतात. काटोल-रामटेककडून येणारी मुलं एसटीतून उतरून भर उन्हात चालत येतात. फीच्या पावतीत वाहनतळाचं कलम त्यांच्याकडूनही वसूल होतं, गाडी असो-नसो. आणि ती कव्हर घातलेली कार शेडमध्ये, सावलीत. त्या गार्डना तरी काय बोलायचं, बारा तासांची ड्युटी, स्वतःची सायकल त्यांनी रस्त्यावरच्या खांबाला बांधलेली. त्यांच्या चाकाची हवा बहुधा कोणी काढत नसेल, पण सावलीही कोणी देत नाही.

असो. काल मी मुकाट्यानं मेट्रो आणि ऑटो करून गेले. गेटवर तेच. रजिस्टर उघडलेलं.

"वाहन क्रमांक?"

"आज गाडी आणली नाही."

"रकाना खाली ठेवता येत नाई, मावशी." आणि त्यांनी वरच्या ओळीत बघून सोमवारचाच नंबर उतरवला.

संध्याकाळी पायी बाहेर पडताना त्यांनी मागून हाक मारली. "गाडी नाई नेत का? रातभर इथं ठेवासाठी परवानगी लागते."