माउझर चालवण्याआधी

माउझर सी-९६ या जुन्या जर्मन पिस्तुलावरील लेख आवडला. मात्र त्यातील ‘साफ असले की जुने पिस्तूल चालवता येते’ हे विधान धोक्याचे वाटते. या पिस्तुलाचे सुटे भाग एकमेकांत असे गुंतवलेले असतात की स्क्रू एकच, तोही दस्त्याच्या लाकडी पट्ट्यांचा. कारागिरी डोळ्यांत भरते, पण शंभर वर्षांनी स्प्रिंग थकते आणि गोळी सुटताच मागे येणारा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) जोरात आदळतो. त्यात आकाराने जवळपास तसेच, पण जास्त दाबाचे टोकारेव (सोव्हिएत पिस्तुलाचे) काडतूस घालणे म्हणजे आगीशी खेळ. आमच्या नागपुरात ज्यांच्याकडे वारशाने असे शस्त्र आले असेल त्यांनी ध्यानात घ्यावे की १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सवलत डागडुजी करूनही न चालणाऱ्या पुरातन शस्त्रांनाच आहे, चालणाऱ्या पिस्तुलाला परवाना लागतोच.