हिरवा साका, जांभळा साका: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'मोरचुदाच्या पाण्यात सोडियम मॉलिब्डेट ओतून हिरवं काही मिळालं की ते कॉपर मॉलिब्डेट, हे रसायनशास्त्र नव्हे. तो कार्बोनेट नाही कशावरून? पुस्तकात कोबाल्ट मॉलिब्डेट हिरवं आहे, तुमचं जांभळं कसं? आणि कोबाल्ट-निकेल घरात आणताच कशाला?' असं तुम्ही माझ्या घरच्या प्रयोगांवरच्या लेखाबद्दल लिहिलंत. (मॉलिब्डेट म्हणजे मॉलिब्डेनम धातू आणि ऑक्सिजन यांचा गट असलेला क्षार.) तुमची प्रतिक्रिया वाचून मी तोच साका पुन्हा तपासला, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

तांब्याबद्दल निम्मं तुमचं बरोबर निघालं. साका बॅटरीच्या पाण्याने (बॅटरीत वरून भरतात त्या क्षारविरहित पाण्याने, आम्लाने नव्हे) पाच वेळा धुतला आणि त्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले. फसफसलं नाही, म्हणजे कार्बोनेट नाही. मग थोडा साका नायट्रिक आम्लात विरघळवला, चिमूटभर नवसागर आणि डीएपीच्या एका दाण्याचा किंचित चुरा घालून कोमट केलं. काही मिनिटांत तळाला पिवळाधमक साका बसला. बारावीच्या प्रात्यक्षिकात आपण याच रंगावरून फॉस्फेट ओळखतो, मी उलट बाजूने मॉलिब्डेनम ओळखलं. (डीएपी जास्त घालायचं नाही. त्या पिवळ्या संयुगात १२ मॉलिब्डेनमला १ फॉस्फरस लागतो.)

पण मॉलिब्डेट आहे म्हणून ते साधं कॉपर मॉलिब्डेट ठरत नाही, हे मी लिहायला हवं होतं. सोडियम मॉलिब्डेटचं द्रावण थोडं अल्कधर्मी असतं, त्यामुळे साक्यात हायड्रॉक्साइडही शिरतो. लिंडग्रेनाइट नावाचं हिरवं खनिज असंच आहे: तीन तांबे, दोन मॉलिब्डेट, दोन हायड्रॉक्साइड. माझा साका नेमका तोच आहे हे घरी सिद्ध करता येणार नाही. म्हणून लेखातलं सूत्र काढून 'अल्कधर्मी कॉपर मॉलिब्डेट' असं लिहिलं आहे.

बॅटरीचं पाणी का, हेही सांगतो. पहिल्यांदा मी बोअरचं पाणी वापरलं होतं आणि मॉलिब्डेट विरघळताच ते गढूळ झालं. आपल्या जड पाण्यातलं कॅल्शियम मॉलिब्डेटशी जुळून पांढरा साका देतं.

कोबाल्टबद्दल मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. पाण्यातून मिळणारा साका जांभळटच असतो. निर्जल कोबाल्ट मॉलिब्डेटची तर दोन रूपं आहेत: जांभळ्यात मॉलिब्डेनमभोवती चार ऑक्सिजन, हिरव्यात सहा. जांभळं रूप दाबलं किंवा नुसतं खललं तरी हिरवं होतं. तुमच्या पुस्तकातलं ते हिरवं. मला हे बघायची फार ओढ आहे, पण करणार नाही. कोबाल्टची कोरडी भुकटी घरात खलायची नाही, हा नियम मी मोडत नाही.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर आलो, आणि तो सगळ्यांत गंभीर. एका फोटोत स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी आणि माझी उघडी बोटं दिसत होती. ती चूकच होती. निकेलने त्वचेला ॲलर्जी होते, त्याची धूळ छातीत गेली तर कर्करोगाचा धोका आहे, आणि माझं लिखाण शाळकरी मुलंही वाचतात. फोटो काढून टाकला, वाटी प्रयोगाच्या पेटीत गेली ती कायमची. आता एका वेळी एक ग्रॅमच्या आतलं काम, सगळं ओलं, हातमोजे घालून. शिसं मी आणतच नाही, वुल्फेनाइट (शिशाच्या मॉलिब्डेटचं खनिज) कितीही सुंदर असलं तरी.

तरीही घरात कशाला, याचं उत्तर देणं लागतो. मी ज्या पेठेत वाढलो तिथे सुताच्या रंगीत लडी दारात वाळत असत. रंग कुठून येतो हा प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ आहे. सोडियम मॉलिब्डेट पांढरं, झिंक मॉलिब्डेट पांढरं, आणि तोच मॉलिब्डेट निकेलला फिकट हिरवा, कोबाल्टला जांभळा होतो. रंग त्या धातूच्या अर्धवट भरलेल्या इलेक्ट्रॉन कक्षेचा आहे, हे कॉलेजात पाठ केलं होतं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं.

उरलेलं पाणी गटारात जात नाही. झाकण असलेल्या बरणीत साठवतो. आता दीड लिटर झालंय. इथल्या एका कॉलेजात विचारलं तर घेणार नाही म्हणाले. तुमच्या ओळखीत एखादी प्रयोगशाळा रासायनिक कचऱ्यासोबत हे घेत असेल तर कृपया कळवा, मी स्वतः नेऊन देईन.